काळं रान भिंतीवर : सहा बाय चार फुटांच्या उठावाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

हॉलमधली लांब भिंत ११ फुटांची आहे आणि तिच्यावर काहीच नाही. तिथे एकच मोठं उठावाचं काम हवंय, म्हणजे सपाट चित्र नव्हे, हाताला खडबडीत लागेल असा वर-खाली पृष्ठभाग. तयार पॅनेल बघून झाली. या मापाची जी आवडली ती आमच्या आवाक्याबाहेरची, आणि आवाक्यातली होती त्यांच्यावर उठावाचा नुसता छापील भास होता. ५ हजारांच्या आत स्वतःच करायचं ठरवलं. पैसे कुठे घालायचे हेही ठरलेलं आहे: मागच्या सांगाड्यात आणि भिंतीत जाणाऱ्या स्क्रूंमध्ये. पुढचा भाग माती, रांगोळी आणि गोणपाट यांतून होईल. ते स्वस्त आहे म्हणून कमी प्रतीचं ठरत नाही.

घर भाड्याचं आहे, म्हणून आधी मालकांना फोन करून भोकं पाडायची परवानगी घेतली. सोडून जाताना भोकं बुजवून रंग लावून देऊ म्हटलं, ते लगेच हो म्हणाले.

मग उजेड पाहिला. बाल्कनीचा दरवाजा या भिंतीच्या डाव्या टोकाला लागून आहे. त्यामुळे उजेड समोरून येत नाही, डावीकडून भिंतीला घासत जातो. उठावाला याहून चांगली जागा मिळणार नाही. हिशेब करून पाहिला: पृष्ठभागावर ३ मिलिमीटरचा उंचवटा असेल आणि उजेड भिंतीशी १० अंशांचा कोन करून आला, तर सावली १७ मिलिमीटर पडते. तोच उजेड ४५ अंशांनी आला तर सावली ३ मिलिमीटरच. म्हणजे समोर दिवा असलेल्या भिंतीवर जो परिणाम साधायला बोटभर जाड थर लागेल, तो इथे पातळ थरात मिळतो. वजन कमी, खर्च कमी, सुकायला वेळ कमी. मोठ्या उठावाचा खर्च खरं तर इथेच कमी होतो.

यातून आणखी एक गोष्ट ठरली. डावीकडून येणाऱ्या उजेडात उभ्या आणि तिरप्या कडा उठून दिसतात. आडव्या रेषा जवळजवळ बुडतात, कारण उजेड त्यांच्या लांबीलाच धरून जातो. रात्री सगळे दिवे बंद करून चुरगाळलेलं गोणपाट टेपने भिंतीला लावलं आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून आधी डावीकडून, मग वरून मारला. तेच कापड दोन्ही वेळा निराळं दिसलं. मुख्य रेषा उभ्या-तिरप्या ठेवायच्या, हे तेव्हाच नक्की झालं.

१० नोव्हेंबर

विषय शोधावा लागला नाही. आमचं गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. वैशाखातलं काळं रान मी लहानपणापासून पाहते आहे. पाय घातला तर घोट्यापर्यंत जाईल अशा भेगा, मधे ढेकळं, आणि पहिला पाऊस येईपर्यंत सगळं रान ताणलेलं. मागच्या मे महिन्यात काढलेले फोटो मोबाइलमध्ये आहेत, ते मोठे करून नीट पाहिले.

काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर असते. पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते आणि फाटते. भेगांत वरची माती पडत राहते, म्हणून हे रान आपलं आपण नांगरलं जातं असं शाळेच्या पुस्तकात होतं. फोटोंतून मला आज भेगांची घडण दिसली. आधी लांब, मोठी भेग पडते. नंतरची लहान भेग तिला येऊन मिळते ती बहुतेक काटकोनात. माती पुन्हा पुन्हा ओली होऊन सुकत राहिली की हे सांधे हळूहळू तीन तोंडांचे, १२० अंशांच्या जवळचे होतात. पॅनेलवरचा थर एकदाच सुकणार आहे, तेव्हा काटकोनातले सांधेच खरे दिसतील. भेगांची सजावट म्हणून सगळीकडे षट्कोनी जाळी काढलेली पुष्कळ पाहिली आहे. ती मला कधीच मातीची वाटली नाही.

१६ नोव्हेंबर

सकाळी पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला. ६ मिलिमीटरचा साधा कमर्शियल प्लाय, ८ बाय ४ चा पूर्ण ताव घेतला. दुकानातच कापून घेतला: ६ बाय ४ चं पॅनेल, आणि उरलेल्या २ बाय ४ मधून फूट-फूट मापाचे चौकोन. हे चौकोन नमुन्यांसाठी. मोठ्या कामाआधी नमुने केल्याशिवाय पुढे जायचंच नाही, आणि त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

सांगाड्याला पाइनच्या रिपा, दीड इंच बाय एक इंच. चारही बाजूंनी आणि मधे दोन उभ्या. सोसायटीतल्याच एका फ्लॅटमध्ये काम करणाऱ्या सुतारदादांनी दुपारच्या सुट्टीत गुण्या लावून चौकट जुळवून दिली. ते म्हणाले, "ताई, प्लाय पातळ आहे, ओल लागली की पापडासारखा वळंल. मधल्या रिपांना फेविकॉल आणि खिळे दोन्ही मारा." तसंच केलं. बारा मिलिमीटरचा प्लाय घेतला असता तर हा प्रश्न कमी झाला असता, पण प्लायचंच वजन दुप्पट झालं असतं. भिंतीवर टांगायच्या वस्तूत पातळ प्लाय आणि घट्ट सांगाडा हेच बरं.

१७ नोव्हेंबर

पॅनेलच्या पाठीला प्रायमरचे दोन हात दिले, कडांनाही. पुढच्या बाजूला ओला थर बसणार, तो सुकताना आकसणार आणि प्लायला स्वतःकडे ओढणार. पाठ कोरडी उघडी राहिली तर दोन्ही बाजू ओल कमी-जास्त ओढतात आणि फळी वाकते. पाठीला कुणी बघत नाही म्हणून हे काम टाळू नये.

२३ नोव्हेंबर

नमुने. हा सगळा आठवडा बाल्कनीत गेला आणि फार आनंदात गेला.

सामान: शाडू माती (गणपती होऊन गेल्यावर ती स्वस्त मिळते), पांढरी रांगोळी, फेविकॉल, पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टी, गोणपाट. रांगोळीबद्दल थोडं लिहिते. आपल्याकडे किलोवर मिळणारी पांढरी रांगोळी म्हणजे दगडाची पूड. स्पेनच्या कातालोनियातला चित्रकार आंतोनी तापिएस रंगात संगमरवराची पूड मिसळून भिंतीसारखे जाड पृष्ठभाग करत असे. चित्रकलेच्या दुकानात 'टेक्श्चर पेस्ट' म्हणून जी डबी मिळते, तिच्यातही दगडाची पूड आणि बांधणारा चीक हाच मुख्य ऐवज असतो. ती डबी पाव किलोची. मला लागणार पंधरा किलो. दिवाळी नुकतीच झाली आहे, बोहरी आळीत पांढरी रांगोळी पोत्यांनी पडली आहे. फक्त रंगीत रांगोळी घेऊ नये, तिचे रंग उन्हात उडतात.

नमुन्यांतून जे कळलं ते असं.

शाडू जास्त आणि फेविकॉल कमी असेल तर भेगा पडतात. फेविकॉल वाढवला की थर चिवट होतो, ताण सहन करतो, फाटत नाही. रांगोळी वाढवली तरी भेगा कमी होतात, कारण दगडाचे कण आकसत नाहीत आणि त्यांच्यामधली मातीच तेवढी आकसते. म्हणजे एकाच मिश्रणात रांगोळी कमी-जास्त करून भेगा कुठे पडाव्यात आणि कुठे नाही हे ठरवता येतं. हे समजल्यावर मी नमुना हातात घेऊन सगळ्या घराला दाखवत फिरले.

थर जितका जाड तितके भेगांमधले तुकडे मोठे. ३ मिलिमीटरच्या थरात सव्वा-दीड इंचाचे तुकडे पडले, ८ मिलिमीटरच्या थरात तीन-साडेतीन इंचांचे. कारण थर खालच्या पृष्ठभागाला चिकटलेला असतो आणि वर आकसत असतो. जाड थरात हा ताण लांबवर साठतो, मग फाटतो.

नुसत्या पुट्टीचा जाड नमुनाही करून पाहिला. पुट्टीच्या पिशवीवर जाड थर देऊ नका असं लिहिलेलं असतं, दीड मिलिमीटरच्या वर नाही. जाड दिला की बारीक केसासारख्या भेगा पडतात आणि थर खालून सुटतो. मातीच्या भेगेला जी रुंदी आणि खोली असते ती त्यात येत नाही. म्हणून पुट्टी फक्त तळाच्या पातळ हाताला.

औशाची खरी काळी माती वापरायचा मोह होता. बहिणीबरोबर आईने एक डबा भरून पाठवली आहे. तिचा नमुना सुंदर फाटला, शाडूपेक्षा कितीतरी सुंदर. मग त्यावर पाण्याचा फवारा मारून रात्रभर झाकून ठेवला. सकाळी कडा फुगून वर आल्या होत्या आणि बोट लावताच तुकडे निघाले. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये बाल्कनीच्या दाराशी ही माती टिकणार नाही. शाडूच्या नमुन्याला तोच फवारा मारला, तो जागचा हलला नाही. तर शरीर शाडूचं, आणि काळी माती रंगासाठी.

२४ नोव्हेंबर

शाडूचे तुकडे हलले नाहीत खरे, पण नमुना उभा धरून पाठीवर थाप मारली तर एक-दोन निसटले. २४ चौरस फुटांवर हे चालणार नाही. संध्याकाळी आईला फोन केला.

"भुस्सा घातलास का?" हा तिचा पहिला प्रश्न. "अगं, भुस्सा घातल्याबिगर गिलावा धरत नसतो. तुझे आजोबा चिखल तुडवून चार दिवस मुरू द्यायचे, मग भिंतीला हात लावायचे."

आमच्या जुन्या घराच्या भिंती अशाच होत्या. आणि आमच्याच मराठवाड्यात अजिंठ्याला याच रीतीने काम झालंय. लेण्यांतला कातळ बसाल्टचा. चित्रं काढायच्या भिंतींवर छिन्नीचे घाव मुद्दाम खरखरीत ठेवलेले आहेत, म्हणजे गिलाव्याला धरायला जागा मिळते. त्यावर मातीचा लेप: त्यात भाताचं तूस, झाडपाल्याचे तंतू, बारीक खडी. त्याच्यावर चुन्याचा अगदी पातळ हात, आणि तो सुकल्यावर चित्र. ओल्या चुन्यावर रंगवायची युरोपातली फ्रेस्कोची पद्धत ही नव्हे. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू मिसळल्याचं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. तंतू दोन कामं करतात. सुकताना येणारा ताण वाटून घेतात, आणि भेग पडलीच तरी दोन्ही काठांना आतून धरून ठेवतात.

माझ्या कामात भेगा तर हव्यात, पण तुकडे पडायला नकोत. मग तंतू सगळ्या थरात न घालता फक्त खालच्या अर्ध्यात घालायचे. वरचा अर्धा मोकळा फाटेल, खालचा धरून ठेवेल. गोणपाटाचा दोरा उसवून इंच-इंच तुकडे केले, तुसासाठी पिठाच्या गिरणीतून मूठभर कोंडा आणला. कोंड्याला किडे लागू शकतात असं नंतर वाटलं आणि तो ठेवूनच दिला. तागाचे तंतू पुरेसे आहेत. नवा नमुना सुकल्यावर त्यावर थाप मारली, आपटलासुद्धा. एकही तुकडा निघाला नाही.

३० नोव्हेंबर

मुख्य पॅनेलला सुरुवात. प्लायच्या तोंडावर ६० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवेतिडवे ओरखडे, मग पाणी घातलेल्या फेविकॉलचा हात, आणि तो ओला असतानाच गोणपाट पसरलं. धान्याची दोन पोती उसवून, धुऊन, वाळवून ठेवली होती. धुणं आवश्यक आहे, नाहीतर पोत्यातली धूळ चिकटू देत नाही. मधून बाहेरच्या बाजूला हाताने दाबत गेलं की हवा राहत नाही. कडेला चौकटीच्या मागे दुमडून स्टेपल मारले.

यासाठी मांजरपाटही चालतो, आणि ज्यांना सपाट, शांत पृष्ठभाग हवा त्यांनी तोच घ्यावा. गोणपाटाची वीण मात्र थराला धरते, अजिंठ्याच्या छिन्नीच्या घावांसारखंच तिचं काम.

१ डिसेंबर

गोणपाटावर पुट्टीचा पातळ हात. पाण्यात थोडा फेविकॉल घालून पुट्टी कालवली, दहा मिनिटं मुरू दिली, पुन्हा ढवळली. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवावी लागते, म्हणून थोडी थोडी. हातात रबरी मोजे. पांढऱ्या सिमेंटने कातडी सोलवटते. भांडी धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं नाही. बादलीत गाळ बसू दिला, वरचं पाणी झाडाबुडी न टाकता बाथरूमच्या जाळीतून सोडलं आणि गाळ सुकवून कचऱ्यात टाकला. पाइपमध्ये पुट्टी धरली तर प्लंबरच्या एका फेरीत सगळी बचत जाते.

७ डिसेंबर

आज मातीचा थर. पॅनेल हॉलच्या फरशीवर आडवं, खाली जुन्या चादरी. उभ्यावर हा थर बसणार नाही, घसरेल.

रात्रीच शाडू भिजत घातला होता. सकाळी मळून घेतला, कणकेपेक्षा सैल. खालच्या हातासाठी त्यात रांगोळी, फेविकॉल आणि तागाचे तंतू. गवंड्याच्या थापीने दाबून दाबून, वीण भरेपर्यंत. यात घाई करू नये. थापी तिरपी धरून जोर खाली द्यायचा, पुढे ओढायची नाही. जिथे हवा राहते तिथे पुढे पोकळ वाजतं.

खालचा हात ओलसर असतानाच वरचा. इथे मिश्रण दोन घमेल्यांत केलं. एकात शाडू जास्त, दुसऱ्यात रांगोळी जास्त. डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजवीकडे वर जाणारा एक रुंद, तिरपा पट्टा शाडूचा, मधे ८ मिलिमीटर जाड आणि कडांना उतरत २-३ मिलिमीटरचा. त्याच्या दोन्ही अंगांना रांगोळीचं मिश्रण. म्हणजे मोठ्या भेगा मधे, कडेला बारीक, आणि कोपरे अखंड. रानातही असंच असतं. बांधाच्या कडेला, जिथे खडी आणि मुरूम मिसळलेला असतो, तिथे भेगा मिटत जातात.

दोन्ही मिश्रणं जिथे भेटतात तिथे थापीने सरळ रेघ येऊ द्यायची नाही. बोटांनी एकमेकांत कालवत गेले. आजच्या कामातला सगळ्यात सुखाचा भाग हाच होता. थंडगार माती, आणि बोटांच्या दाबागणिक खाली-वर होणारा पृष्ठभाग. खिडकी उघडी ठेवून मधूनमधून फरशीवर डोकं टेकवून बाजूने बघत राहिले. वरून पाहिलं तर काहीच समजत नाही, बाजूने पाहिलं की सगळे चढउतार दिसतात.

संध्याकाळी थर अर्धवट घट्ट झाल्यावर चार मुख्य भेगा सुरीने कापल्या. उभ्या-तिरप्या, डावीकडच्या उजेडाला आडव्या पडतील अशा. कापताना सुरीचं पातं उभं न धरता जरा कलतं धरलं, म्हणजे भेगेचा एक काठ दुसऱ्यापेक्षा उंच राहतो आणि सावली पडते. बाकीच्या भेगा माती ठरवील.

रात्री पंखा बंद. ओल्या चादरीची घडी करून पॅनेलच्या वर, विटांवर टेकवून ठेवली. पृष्ठभाग भराभर सुकला तर वरचा भाग आधी आकसतो, खालचा मागे राहतो, आणि तुकड्यांच्या कडा वर उचलल्या जातात. थोड्या उचललेल्या हव्यात, पण पुष्कळ उचलल्या तर धूळ पुसतानाच तुटतील.

१० डिसेंबर

पहिल्या भेगा काल रात्री दिसल्या. कापलेल्या रेषा आधी रुंदावल्या, मग त्यांच्यापासून काटकोनात लहान भेगा निघाल्या. सकाळी ऊन आल्यावर अर्धा तास नुसती बघत बसले.

इटलीतल्या आल्बेर्तो बुर्री या चित्रकाराने अशाच भेगांची पॅनेल केली आहेत. तो शिकलेला डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात टेक्ससमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याने चित्रं काढायला सुरुवात केली, पोत्यांच्या कापडावरसुद्धा. पुढे केओलिन माती आणि चीक यांच्या जाड थरांना सुकवून फाटू देण्याची त्याची कामं नावाजली गेली. १९६८ च्या जानेवारीत सिसिलीतलं जिबेलिना हे गाव भूकंपात पडलं. त्याचे अवशेष बुर्रीने पांढऱ्या काँक्रीटखाली झाकले, आणि गल्ल्यांच्या जागी भेगा ठेवल्या. १९८४ मध्ये सुरू झालेलं ते काम सुमारे ८० हजार चौरस मीटर पसरलंय आणि माणसं त्या भेगांतून चालतात.

किल्लारी औसा तालुक्यातलीच. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. आजोबांनी त्यानंतर दगड-मातीचं घर बांधलं नाही. म्हणून जिबेलिनाचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला बराच वेळ काही सुचलं नव्हतं. पण या पॅनेलमध्ये ते आणायचं नाही, हे मी ठरवलंय. ज्या भिंतीखाली बसून आम्ही जेवणार, तिच्यावर पडलेल्या घरांची भेग नको. ही भेग पावसाआधीच्या रानाची आहे, आणि ती पावसाने भरून येते.

२१ डिसेंबर

थर आतपर्यंत सुकला. वाजवून पाहिला. दोन ठिकाणी पोकळ आवाज आला, तिथे इंजेक्शनच्या सिरिंजने भेगेतून पातळ फेविकॉल सोडला आणि वर वीट ठेवली.

मग बांधणी. एक्स्टिरिअर प्रायमर निम्म्या पाण्याने पातळ करून ब्रशने, मातीला प्यायला मिळेल इतका. पहिला हात पूर्ण शोषला गेला, दुसरा वर राहिला. इथे फेविकॉलवर थांबू नये. साधा पांढरा फेविकॉल ओल लागली की पुन्हा मऊ पडतो, अॅक्रिलिकचा प्रायमर पडत नाही.

सैल कण घासायचे ते ओल्या स्पंजाने. कोरडं घासलं तर मातीची आणि पुट्टीची बारीक धूळ घरभर होते आणि छातीत जाते. थोडंसं कोरडं घासणं टळलं नाही, तेवढ्यापुरतं बाल्कनीत, मास्क लावून.

२८ डिसेंबर

रंग. फरशीत घालतात तो काळा ऑक्साइड आणि गेरू, दोन्ही लोहाची संयुगं. उन्हाने उडत नाहीत, सिमेंटच्या क्षाराने बिघडत नाहीत, आणि दोन्ही मिळून साठ रुपयांत येतात. महाग ट्यूबमधल्या कित्येक रंगांबद्दल एवढं खात्रीने म्हणता येत नाही.

आधी ऑक्साइड घातलेला पातळ, मॅट इमल्शन सगळीकडे, भेगांत बारीक ब्रशने खोलवर. मग आईने पाठवलेली काळी माती. ती पाण्यात ढवळली, जाड खडे तळाला बसू दिले, वरचं गढूळ पाणी मलमलमधून गाळून दुसऱ्या भांड्यात नितळू दिलं. तळाशी राहिली ती लोण्यासारखी माती, तीच रंग म्हणून प्रायमरमध्ये कालवली. ऑक्साइडचा काळा जरा निळसर आणि मेलेला दिसतो. त्यावर या मातीचा हात पडला आणि तुकड्यांच्या माथ्यांना रानाचा तपकिरी-काळा आला. बांधाच्या बाजूला, अखंड कोपऱ्यांत, गेरूचा फार पातळ हात.

चकाकणारं वॉर्निश लावायचं नाही. घासून येणाऱ्या उजेडात प्रत्येक तुकड्यावर पांढरा ठिपका चमकतो आणि सावल्या दिसेनाशा होतात. मॅटच हवं.

४ जानेवारी २०२५

टांगणी. १८ मिलिमीटर प्लायची ५ फूट लांब पट्टी सुतारदादांनी लांबीला ४५ अंशांत चिरून दिली. एक अर्धी पट्टी तिरपी कड वर करून भिंतीवर, दुसरी तिरपी कड खाली करून पॅनेलच्या वरच्या रिपेवर. वरची पट्टी खालचीच्या खाचेत बसते आणि वजनानेच घट्ट होते. तारेवर किंवा दोन हुकांवर एवढं मोठं पॅनेल टांगू नये. तिथे सगळं वजन दोन बिंदूंवर येतं आणि पॅनेल कलतं.

वजनकाट्यावर मी पॅनेल धरून उभी राहिले, माझं वजन वजा केलं: २४ किलोच्या आसपास. भिंत विटांची आहे, गिलावा पाऊण इंचाचा. गिट्टी (भोकात ठोकून स्क्रू धरायला लावतात ती नळी) गिलाव्यात राहिली तर निघून येते, म्हणून अडीच इंची स्क्रू आणि तेवढीच लांब गिट्टी, विटेच्या आतपर्यंत. एका भोकात ड्रिल सांध्यात गेलं आणि नुसता चुरा आला, ते बुजवून दोन इंच बाजूला घेतलं. नव्या इमारतींत हलक्या राखाडी ब्लॉकच्या भिंती असतात. तिथे साधी गिट्टी धरत नाही, त्या ब्लॉकसाठीचे वेगळे फास्टनर मागून घ्यावेत.

पट्टी पाणसळीत लावली. खालच्या रिपेवर तेवढ्याच जाडीचा प्लायचा तुकडा ठोकला, म्हणजे पॅनेल वरून पुढे झुकत नाही. उंची ठरवताना उभ्या माणसाचा हिशेब धरला नाही. आम्ही या खोलीत बहुतेक वेळ खाली बसतो किंवा दिवाणावर. मधला भाग जमिनीपासून साडेचार फुटांवर ठेवला.

११ जानेवारी

संध्याकाळचा दिवा. छताला, भिंतीपासून सहा इंचांवर, पिवळसर एलईडी पट्टी खाली तोंड करून. दिवसा डावीकडच्या उजेडात उभ्या-तिरप्या भेगा बोलतात. संध्याकाळी वरून उजेड आला की आडव्या, बारीक भेगा पुढे येतात, ज्या दिवसभर दिसतच नव्हत्या. आईला व्हिडिओ कॉलवर दोन्ही दाखवलं. ती म्हणाली, "हे तर आपल्या विहिरीकडचं रान." विहिरीकडचेच फोटो मी समोर ठेवले होते.

खर्च लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल. प्लाय साडेबाराशे, रिपा ३८०, कापणावळ १००, गोणपाट ६०, पुट्टी १८०, शाडू ३००, रांगोळी १००, फेविकॉल ५२०, प्रायमर २२०, रंगाचे ऑक्साइड आणि गेरू ६०, स्क्रू-गिट्ट्या ११०. हे झाले ३,२८०. दिव्याची पट्टी ४५० धरून ३,७३०. इमल्शन घरात उरलेलं होतं. टांगणीची पट्टी सुतारदादांच्या उरलेल्या तुकड्यातली, तिचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, म्हणून त्यांच्या मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी उरलेला शाडू आणि रांगोळी दिली आणि कालवण्याचं प्रमाण कागदावर लिहून दिलं: तीन वाट्या शाडू, एक वाटी रांगोळी, अर्धी वाटी फेविकॉल, आणि खालच्या हातात ताग.

साफसफाई फक्त मऊ, कोरड्या ब्रशने, वरून खाली. ओलं फडकं नाही. जूनमध्ये पाऊस लागला की डावी कड, दाराच्या बाजूची, बोटाने वाजवून पाहायची आहे. कुठे पोकळ लागली तर सिरिंज आणि पातळ प्रायमर डब्यात ठेवलेत.